गुडघेदुखी हे तप नव्हे



यंदाच्या दशलक्षण पर्वात पूजा चालू असताना माझे लक्ष मंदिराच्या मागच्या भिंतीकडे गेले. पूर्वी तिथे दोन-तीन खुर्च्या असायच्या, यंदा मी एकोणीस मोजल्या. एकोणीसही खुर्च्यांवर बायकाच होत्या. आणि खुर्चीवर बसायची लाज वाटते म्हणून खाली बसून, उठताना खांब धरणाऱ्या, शेजारणीच्या खांद्यावर हात टाकणाऱ्या, तोंडातून आवाज न काढता ओठ दाबणाऱ्या आणखी कितीतरी. त्यांची मोजदाद कुणीच करत नाही.

त्या मोजदादीत न येणाऱ्यांपैकी एक माझ्या सासूबाई होत्या. आजचा लेख त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. लिहून झाल्यावर त्यांना वाचूनही दाखवला. दोन वाक्ये त्यांनी खोडायला लावली, बाकी राहू दे म्हणाल्या.

चार वर्षांपूर्वी सासूबाईंचे दोन्ही गुडघे धरले. एक्स-रे काढला. "गादी झिजली आहे, वयाचं आहे," असे म्हणून डॉक्टरांनी दुखण्याच्या गोळ्या आणि सांध्यांच्या पोषणासाठी म्हणून एक मोठी बाटली लिहून दिली. वर्षभर रोज दोन गोळ्या. थोडा आराम पडला असेही त्यांना वाटायचे. मग दिवाळीच्या सुटीत माझी भाची आली. ती फार्मसीला आहे. देवघराशेजारच्या फडताळात ती बाटली दिसली, तिने सहज लेबल वाचले आणि गप्प झाली. मी खोदून विचारले तेव्हा म्हणाली, "मामी, यातलं ग्लुकोसामाइन कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून काढलेलं आहे. आणि कॉन्ड्रॉइटिन गाईच्या कूर्चेपासून."

सासूबाई दारातच उभ्या होत्या.

ज्या बाईने पन्नास वर्षे पाणी गाळल्याशिवाय वापरले नाही, बटाटा-कांद्याला हात लावला नाही, सूर्यास्तानंतर तोंडात घास घातला नाही, तिने वर्षभर रोज दोन वेळा काय गिळले ते तिला असे कळले. त्या रडल्या नाहीत. बाटली उचलून घराबाहेर ठेवून आल्या, आंघोळ केली आणि देवापुढे बसल्या. गावात चातुर्मासाला आर्यिका माताजी होत्या, त्यांच्याकडून प्रायश्चित्त घेतले. नकळत घडले, आता मनाला लावून घेऊ नका, असे माताजींनी समजावले. पण सासूबाईंनी त्या दिवसापासून सगळेच औषध बंद केले. "हे माझं असाता कर्म आहे, ते मी भोगून संपवते," एवढेच म्हणायच्या.

पुढची दोन वर्षे आम्ही काय पाहिले ते सांगते. रात्री दोन-दोन वाजता त्या पलंगावर उठून बसलेल्या असत. मंदिराच्या सात पायऱ्या चढवत नाहीत म्हणून आधी रोजचे दर्शन सुटले, मग अष्टमी-चतुर्दशीचेही. मुनिमहाराजांचा आहार असला की चौक्यात उभे राहवत नाही म्हणून त्या आतल्या खोलीत बसून राहायच्या. ज्यांनी मला कधी आवाज चढवून बोलले नव्हते त्या नातवंडांवर वसावसा ओरडू लागल्या. आणि एके दिवशी सामायिक करून उठताना मला म्हणाल्या, "माळ फिरते गं, पण मन गुडघ्यातच असतं."

या एका वाक्याने मला हा लेख लिहायला लावला. मला जे म्हणायचे आहे ते सरळ लिहिते: गुडघेदुखी, कंबरदुखी, मोडलेल्या हाडाचे वर्षानुवर्षे राहिलेले दुखणे हे तप नव्हे. त्यावर उपचार करून घेणे हा धर्मापासून ढळणे नव्हे. मात्र उपचार डोळे मिटून घेणे हेही श्राविकेला शोभणारे नाही.

आता तुम्ही म्हणाल, बावीस परीषहांत रोगपरीषह आहेच की. आहे. बाह्य तपांत कायक्लेशही आहे. पण परीषह जिंकायचा तो समताभावाने, आणि तो मार्ग मुख्यतः मुनींचा. कायक्लेश आपण आपल्या इच्छेने, मर्यादा ठरवून, मनाची तयारी करून स्वीकारतो. सोळा कारणभावनांत 'शक्तितस्तप' म्हटले आहे, शक्तीनुसार तप. गुडघा आपल्याला विचारून झिजत नाही. न मागता आलेले दुखणे, ज्याने मन चोवीस तास चिडलेले, धास्तावलेले असते, त्याला आपल्या शास्त्रांनी वेगळे नाव दिले आहे. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात आर्तध्यानाचे चार प्रकार सांगितले आहेत आणि त्यांत वेदनेचे सतत चिंतन हा एक स्वतंत्र प्रकार आहे. म्हणजे 'मन गुडघ्यात असतं' ही अवस्था आचार्यांना ठाऊक होती, आणि तिला त्यांनी निर्जरेत धरलेले नाही. तिने उलट नवे कर्म बांधले जाते.

असाता कर्माचा उदय आहे म्हणून औषध घ्यायचे नाही, असे म्हणायचे तर तहान लागली की पाणीही पिऊ नये. चार दानांत औषधदान आहे, आहारदानाच्या शेजारी. आजारी साधूंची सेवा, वैयावृत्त्य, हे अंतरंग तप आहे. चौक्यात महाराजांना काढा देताना आपणच केवढी काळजी घेतो, काय चालेल काय नाही याची दहा वेळा चौकशी करतो. महाराजांसाठी जे पुण्य मानतो ते घरातल्या साठीच्या बाईसाठी कमीपणाचे कसे होते?

डॉक्टरांच्या बाजूनेही हे समजून घेण्यासारखे आहे. तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलेल्या दुखण्याला ते दीर्घकालीन वेदना म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या नव्या यादीत, जी २०२२ पासून लागू झाली, अशा वेदनेला स्वतःचे वेगळे स्थान मिळाले आहे. कारण जुनी वेदना ही नुसती कुठल्या तरी आजाराची खूण राहत नाही. दुखणे बराच काळ चालू राहिले की नसा आणि मेंदू जास्त हळवे होऊ शकतात, मग थोड्या धक्क्यानेही खूप दुखते. त्यातून झोप जाते, चालणे कमी होते, चालणे कमी झाले की मांडीचे स्नायू बारीक होतात, आणि स्नायू बारीक झाले की गुडघ्यावरचा भार वाढतो. 'सहन करत राहते' म्हणणाऱ्या बाईचे दुखणे आहे तिथे थांबेलच असे नाही.

आता दुसरी बाजू. उपचार घ्यायचे म्हटले की समोर एक मोठा बाजार उभा राहतो. गेल्या काही वर्षांत तो फार वाढला आहे. रोज व्हॉट्सअॅपवर काहीतरी येते: वंगणाचे इंजेक्शन, आपल्याच रक्ताचे इंजेक्शन, स्टेम सेल, रोबोटने ऑपरेशन, कोलॅजनची पावडर. यातल्या प्रत्येकाला आपण दोन प्रश्न विचारले पाहिजेत असे माझे मत झाले आहे. पहिला, हे कशापासून बनले आहे? दुसरा, याने खरेच बरे वाटते का? आपण जैन बायका पहिला प्रश्न उशिरा विचारतो आणि दुसरा विचारतच नाही.

पहिला प्रश्न नवा नाही. नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, उग्रादित्याचार्यांनी 'कल्याणकारक' नावाचा वैद्यकग्रंथ लिहिला. मांस, मद्य आणि मध टाळून उपचार कसे करायचे हे त्यात सांगितले आहे. हा ग्रंथ १९४० साली आपल्या सोलापुरातून छापला गेला. म्हणजे 'वैद्यबुवा, या औषधात काय आहे?' हे विचारण्याची आपली परंपरा अकराशे वर्षांची आहे. आपणच ती विसरलो आणि लेबलाच्या बारीक अक्षरांपुढे हात टेकले.

माझ्या भाचीच्या मदतीने मी जे शिकले ते इथे लिहिते.

ग्लुकोसामाइन बहुधा कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून बनते. पण बुरशीपासून किंवा मक्यापासून आंबवून केलेलेही मिळते. कॉन्ड्रॉइटिन मात्र बहुतेक वेळा गाय, डुक्कर किंवा शार्क माशाच्या कूर्चेपासूनच येते. कोलॅजन हे प्राण्यांच्या कातडीत आणि हाडांत असते, झाडांत ते नसतेच. त्यामुळे बाजारातली कोलॅजन पावडर गाईची, डुकराची, कोंबडीची नाहीतर माशाची. 'शाकाहारी कोलॅजन' म्हणून जे विकतात त्यात बहुधा क जीवनसत्त्व आणि अमिनो आम्ले असतात, कोलॅजन नव्हे.

हळदीच्या अर्काची कॅप्सूल पाहून आपण निर्धास्त होतो. पण आत हळद असली तरी बाहेरचे आवरण जिलेटिनचे, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्याचे असू शकते. वनस्पतीच्या सेल्युलोजपासून केलेली आवरणेही असतात, त्यांवर 'एचपीएमसी' असे लिहिलेले असते. खाद्यपदार्थ आणि पूरक आहाराच्या पाकिटावर हिरवी किंवा तपकिरी खूण असते. औषधांवर ती असण्याचे बंधन नाही, तिथे विचारावेच लागते.

आणि 'आयुर्वेदिक आहे' एवढ्यावर विसंबू नका. प्रवाळ भस्म पोवळ्याचे, शंखभस्म शंखाचे, कुक्कुटाण्डत्वक भस्म अंड्याच्या कवचाचे. आसव-अरिष्टांत आंबवताना मद्यांश तयार होतो, कित्येक चाटणांत मध असतो.

वंगणाचे इंजेक्शन म्हणजे हायलुरॉनिक अॅसिड. काही कंपन्यांचे ते कोंबड्याच्या तुऱ्यापासून काढतात, काहींचे जिवाणूंच्या मदतीने आंबवून करतात. हे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लिहिलेले नसते, पण खोक्यातल्या माहितीपत्रकात असते. इंजेक्शन टोचण्याआधी ते मागा.

आता दुसरा प्रश्न, जो मला जास्त महत्त्वाचा वाटू लागला आहे. कारण उपाय शाकाहारी आहे म्हणून तो खरा ठरत नाही.

आपल्याच रक्ताचे इंजेक्शन, ज्याला पीआरपी म्हणतात, ते आपल्या दृष्टीने अगदी निर्दोष. आपले रक्त काढतात, यंत्रात फिरवून त्यातला बिंबाणूंनी भरलेला भाग वेगळा करतात आणि गुडघ्यात सोडतात. माझ्या ओळखीच्या तिघींनी केवळ 'यात काही मांसाहारी नाही' म्हणून ते घेतले. पण ऑस्ट्रेलियात २८८ लोकांवर झालेली एक चाचणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. काहींना पीआरपी दिले, काहींना नुसते सलाइन, आणि कुणाला काय दिले ते रुग्णांना सांगितले नव्हते. वर्षाने पाहिले तर दोन्ही गटांच्या दुखण्यात सांगण्याजोगा फरक नव्हता. काही अभ्यासांत फायदा दिसला आहे, म्हणून विषय संपला असे मी म्हणत नाही. पण हजारो रुपये भरण्याआधी हेही आपल्याला कुणी सांगायला हवे की नको?

स्टेम सेलचे तर विचारूच नका. आमच्या भागात एका मंगल कार्यालयात शिबिर भरले होते. पडद्यावर झिजलेली गादी पुन्हा हिरवळीसारखी उगवताना दाखवली. आगाऊ पैसे भरणाऱ्यांना सूट. माझ्या नणंदेने भरले. नंतर ना ते डॉक्टर सापडले ना पावती चालली. वन्सं अजून घरात हे कुणाला सांगत नाहीत. मी इथे त्यांचे नाव घेत नाही, पण लिहिते, कारण अशा गप्प बसलेल्या वन्सं घरोघरी असतील. आपल्याकडे आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या काही आजारांसाठीचे प्रत्यारोपण सोडले तर स्टेम सेलचा वापर फक्त नोंदणी केलेल्या चाचणीतच व्हायला हवा. चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. त्यानंतर २०२२ मध्ये दात्याच्या अस्थिमज्जेपासून केलेल्या एका उत्पादनाला गुडघ्याच्या झिजेसाठी आपल्या औषध नियंत्रकांनी परवानगी दिली. म्हणजे सगळेच खोटे नाही. पण परवानगीचा कागद दाखवा म्हटल्यावर जो चिडतो, त्याच्याकडून उठून यावे.

नसेला उष्णता देऊन दुखणे थांबवण्याची पद्धत मला जास्त प्रामाणिक वाटली. गुडघ्याभोवती बारीक नसा असतात, त्या दुखण्याचा निरोप मेंदूकडे नेतात. सुईतून रेडिओ लहरींची उष्णता देऊन त्या काही काळ निकामी करतात. शरीरात बाहेरचे काही ठेवत नाहीत. गादी यातून बरी होत नाही, नसा पुन्हा वाढतात आणि आराम साधारण काही महिने ते वर्षभर टिकतो. ज्यांना मधुमेह-हृदयविकारामुळे ऑपरेशन झेपत नाही अशांसाठी ही वाट विचारण्यासारखी आहे.

मध्यंतरी 'सवय न लागणारी नवी वेदनाशामक गोळी आली' असा निरोप सगळीकडे फिरत होता. सुझेट्रिजिन नावाची ती गोळी अमेरिकेत जानेवारी २०२५ मध्ये मंजूर झाली हे खरे, पण ती ऑपरेशननंतरच्या किंवा ताज्या दुखापतीच्या वेदनेसाठी. वर्षानुवर्षांच्या गुडघेदुखीसाठी ती मंजूर झाली नव्हती. निरोपात एवढेच नेमके नव्हते.

वजन कमी करणाऱ्या सेमाग्लुटाइड इंजेक्शनचा स्थूल माणसांच्या गुडघेदुखीवर चांगला परिणाम होतो असे २०२४ मध्ये ४०७ लोकांवरच्या चाचणीत दिसले. इंजेक्शन घ्या असे मी सांगत नाही. मला त्यातून एवढेच उमगले की गुडघ्यावरचा भार उतरला की दुखणे उतरते, आणि ते ऊनोदरानेही थोडेफार साधते. आपल्याकडे तर ते तपातच मोजले आहे. दशलक्षणात दहा दिवस कडक राहून पारण्यानंतर महिनाभर श्रीखंड-पुरी चालते, त्याचा हिशेब गुडघा ठेवतो.

आणि उपवासांचा विषय निघालाच आहे तर एक हात जोडून विनंती. उपवासाच्या किंवा एकाशनाच्या दिवसांत दुखण्याच्या गोळ्या मनाने घेऊ नका. उद्या घेता येणार नाही म्हणून आज दोन एकदम घेणे, पहाटे रिकाम्या पोटी घेणे, हे मी कित्येकींना करताना पाहिले आहे. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या पोटाच्या आवरणाला इजा करतात, आणि शरीरात पाणी कमी असताना मूत्रपिंडावर त्यांचा ताण जास्त पडतो. पर्वाआधी डॉक्टरांना स्पष्ट सांगा, "मी सूर्यास्तानंतर काही घेत नाही, या दिवशी निर्जळ असते." वेळा बदलून देता येतात. नाही जमले तर त्या वर्षी उपवासाऐवजी रसत्याग करावा. शक्तितस्तप.

आमच्या घरी पुढे काय झाले? आधी सहा महिने फिजिओथेरपी. भिंतीला टेकून बसायचे, पाय सरळ उचलून धरायचा, दहा मोजायचे. यंत्र नाही, गोळी नाही, कशापासून बनले हा प्रश्नही नाही. गुडघ्याच्या झिजेवर व्यायामाला जेवढा पुराव्याचा आधार आहे तेवढा बाजारातल्या बहुतेक बाटल्यांना नाही. डावा गुडघा त्यानेच सावरला. उजवा फारच वाकला होता, त्याचे सांधेरोपण गेल्या वर्षी केले.

ऑपरेशनआधी मी एक वही घेऊन गेले. डॉक्टर आधी वैतागले. "ताई, सगळे हेच घेतात," म्हणाले. मी म्हटले, "सगळ्यांना माहीत नसतं म्हणून घेतात, सर. आम्हाला फक्त एवढं सांगा की दुसरं काही चालण्यासारखं आहे का." मग ते खुर्ची ओढून बसले आणि अर्धा तास बोलले. गुडघा कोबाल्ट-क्रोमियम धातूचा आणि मधली चकती प्लॅस्टिकची, त्यात प्राणिज काही नाही. टाक्यांचा धागा: कॅटगट जनावरांच्या आतड्यांचा असतो, कृत्रिम धागे मिळतात. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून देतात ते हेपारिन जातीचे इंजेक्शन डुकराच्या आतड्यापासून बनते. त्याऐवजी काही रुग्णांना कृत्रिम औषध किंवा गोळ्या चालतात. सासूबाईंना गोळ्या चालल्या. सगळ्यांना चालतीलच असे नाही, आणि ऐनवेळी जिवावर बेतले तर डॉक्टर देतील ते घ्यावे, प्रायश्चित्त नंतर आहेच. पण ठरवून केलेल्या ऑपरेशनात विचारायला वेळ असतो.

रोबोटिकसाठी लाखभर जास्त सांगितले होते. रोबोट स्वतः ऑपरेशन करत नाही, डॉक्टरांना हाड अचूक कापायला मदत करतो. पुढे दहा-पंधरा वर्षांनी त्याने गुडघा जास्त चांगला राहतो असे अजून ठामपणे सिद्ध झालेले नाही. आम्ही साधे केले. कृत्रिम गुडघ्यांच्या किमतीवर सरकारने ऑगस्ट २०१७ पासून मर्यादा घातली आहे, तेव्हा बिलात गुडघ्याची किंमत वेगळी लिहून मागा.

काही मैत्रिणी विचारतील, "एवढं सगळं तपासलंस, पण प्रत्येक औषधाची प्राण्यांवर चाचणी झालेली असतेच ना?" हो, बहुतेकांची झालेली असते. याचे सोपे उत्तर माझ्याकडे नाही. श्रावकाला संकल्पी हिंसेचा त्याग सांगितला आहे. घरसंसारात, व्यवहारात घडणारी हिंसा पूर्ण सुटत नाही, ती कमी करत जायची. १९८२ पर्यंत इन्सुलिन गाई-डुकरांच्या स्वादुपिंडापासून काढत, मग जिवाणूंकडून मानवी इन्सुलिन बनवता आले. आपल्या किती मधुमेही आज्यांनी आधीचे इन्सुलिन मुकाट घेतले असेल! २०२३ मध्ये भारताने नव्या औषधांच्या नियमांत बदल करून प्राण्यांशिवायच्या चाचण्यांनाही वाट मोकळी केली. विज्ञान या बाजूला सरकते आहे. विचारणारी गिऱ्हाईके वाढली तर ते लवकर सरकेल. औषध बाहेर ठेवून गप्प बसलेल्या बाईचा प्रश्न कुठल्याच कंपनीपर्यंत पोचत नाही.

आणि यात सुनांची, मुलींची चूक मी माझ्यापासून मोजते. त्या बाटलीचे लेबल वर्षभर माझ्या डोळ्यांसमोर होते. बिस्किटाच्या पुड्यावरची खूण मी न चुकता पाहते, पण सासूबाईंच्या गोळ्यांवरचे अक्षर वाचले नाही. आणि नंतरची दोन वर्षे 'त्यांची श्रद्धा आहे' म्हणून मी वाद घातला नाही. खरे सांगायचे तर वाद घालण्यापेक्षा ते सोयीचे होते. त्यांच्या निश्चयाला आम्ही सगळे नमस्कार करत राहिलो आणि त्या रात्री एकट्या जागत राहिल्या.

आता सासूबाई रोज चालत दर्शनाला जातात. सात पायऱ्या कठडा धरून चढतात. जमिनीवर मांडी घालता येत नाही, याचे वाईट वाटते त्यांना, ते लपवत नाहीत. पहिल्यांदा खुर्चीवर बसल्या तेव्हा मान वर करत नव्हत्या. मग पाठशाळेतल्या एका लहान मुलीने त्यांना विचारले, "आजी, बाहुबली भगवान तर उभेच आहेत ना?" कुंभोजची अठ्ठावीस फुटी मूर्ती लहानपणापासून पाहत आलेली बाई, हसली. कायोत्सर्ग उभ्यानेही होतो, हे आपल्याला मूर्तीच सांगतात. आता त्या अर्धे सामायिक उभ्याने करतात, अर्धे खुर्चीवर.

परवा मी विचारले, "आई, आता मन कुठं असतं?"

"कधी माळेत, कधी तुझ्या स्वयंपाकात," म्हणाल्या. "गुडघ्यात नसतं एवढं खरं."

मी डॉक्टर नाही. इथे लिहिलेले वाचून कुणी औषध सुरू किंवा बंद करू नका. पण आपल्या घरातली जी बाई खांब धरून उठते तिला आज विचारा, रात्री झोप लागते का. आणि तिच्या फडताळातली बाटली उजेडात नेऊन एकदा वाचा.

लिहिण्यात काही कमी-जास्त झाले असेल तर उत्तम क्षमा.

जय जिनेंद्र.